सोळा खुणा

अचूकपणा हा गुण मोठा विलक्षण आहे. औदार्य, दया, क्षमा हे गुण ज्याच्या ठायी असतात त्याच्या सहवासात इतरांना ऊब मिळते. अचूकपणा ज्याच्या ठायी असतो त्याच्या कृतीचा लाभ सर्वांना होतो, सहवासाचा मात्र क्वचितच कोणाला. वैद्य अचूक असावा, गवंडी अचूक असावा, न्यायाधीश तर असावाच असावा. परंतु मित्र अचूक असावा असे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. या गुणाची उपासना जो जन्मभर एकनिष्ठेने करतो त्याची दृष्टी हळूहळू दोषांपाशीच थबकू लागते. तिच्यात दुष्टावा नसतो. पाणी जसे उताराकडे धावते तशी ती उणिवेकडे धावते, आणि जेथे उणीव नाही तेथे तिला थांबण्याचे प्रयोजनच उरत नाही. अशा माणसाची स्तुती त्याच्या मौनात साठलेली असते. ते मौन वाचू शकणारा एखादाच भेटतो. आणि त्या वाचणाऱ्यालाही केव्हातरी उच्चारलेल्या शब्दाची भूक लागते, हे ध्यानात येईतो बहुधा वेळ निघून गेलेली असते.

ज्यांच्यामुळे हे लिहावेसे वाटले ते व्यवसायाने शिंपी होते, आणि मी त्यांचे एक जुने गिऱ्हाईक. सारे त्यांना मास्तर म्हणत. रस्त्याच्या वळणावर घड्याळदुरुस्तीचे एक दुकान होते, त्याच्या डोक्यावर, अरुंद लाकडी जिना चढून गेले की मास्तरांची खोली लागे. मधोमध कमरेएवढ्या उंचीचे लांबलचक टेबल, हातांच्या घर्षणाने काळे-तुकतुकीत झालेले. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले जाड कागदाचे नमुने. उत्तरेच्या खिडकीपाशी कापसाने भरलेला, पाय नसलेला, मस्तक नसलेला एक पुतळा लाकडी दांड्यावर उभा. मास्तर कोट पारखत ते केवळ त्या खिडकीच्या उजेडात. दिव्याच्या प्रकाशात पारखलेले कापड आणि मध्यस्थाने पारखलेले स्थळ, दोन्ही घरी आल्यावर रंग बदलतात, असे ते म्हणत.

त्या खोलीचा एक नियम होता. कापणाऱ्याने कापायचे, शिवणाऱ्याने शिवायचे. मास्तर कापड बेतीत. मग ते कच्च्या टाक्यांनी जोडून कोट पुतळ्यावर चढे. मास्तर पांढऱ्या खडूचा तुकडा घेऊन त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घालीत आणि जेथे जेथे चूक दिसेल तेथे आडवी रेघ ओढीत. बोलत नसत. खडू नाही त्याचा अर्थ ठीक. खुणा झालेला कोट शिवणाऱ्याकडे परत जाई, तो उसवून दुरुस्त करी, खडू झटकून पुन्हा आणी. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर एखाद्या दिवशी मास्तर खडू खिशातून न काढताच कोटाभोवती फिरत आणि म्हणत, "लाव." म्हणजे कपाटात लाव. त्या खोलीत याहून मोठे पारितोषिक नव्हते.

हा "लाव" चौतीस वर्षे ज्याने ऐकला तो शिवणारा म्हणजे डावरे. हे त्याचे आडनाव नव्हे. तो जन्मतः डावखुरा होता, आणि कामावर आला त्याच आठवड्यात त्याला हे नाव पडले. दोघांची वये तेव्हा विशीच्या घरातली. मास्तर तोवर स्वतःही शिवत असत, नुकतेच कातरीवर बसले होते. एका कोटाच्या अस्तराची कड पाहून ते खिडकीशी थबकले.

"हा टाका कोणी घातला?"

"मी."

"डाव्या हातानं?"

"मग काय पायानं?"

"याचा कल उलटा पडतोय. पलीकडच्या बाजूचे टाके माझे आहेत. एका कोटावर दोन कल चालायचे नाहीत."

"मग तू घाल की डाव्या हातानं."

खोलीतली सारी माणसे हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी कोट त्याच्या मांडीवर परत ठेवला. आठ महिने लागले. आठ महिन्यांनी डावरे उजव्या हाताने असा टाका घालू लागला की मास्तरांच्या टाक्यापासून तो वेगळा काढता येईना. जेवताना, केस विंचरताना, कोणाला बोलावताना त्याचा डावा हातच पुढे येई. सुई मात्र उजव्या हातात. "बायको उजव्या हाताची केली, जीव डाव्यात अडकलेला," असे तो स्वतःच म्हणे. मास्तरांना "तू" म्हणणारा त्या जिन्यावर तो एकटाच होता.

काज-बटणांचे काम करणाऱ्या एक मावशी खिडकीच्या दुसऱ्या टोकाला बसत. त्यांना या दोघांची गंमत वाटे. "नवराबायकोसुद्धा इतकी वर्षं इतकं कमी बोलून राहत नाहीत," त्या म्हणत. डावरे उत्तर देई, "बोलतो की मावशी. तो खडूनं बोलतो, मी उसवून उत्तर देतो."

डावऱ्याची पत्नी लवकर गेली होती. एकुलती मुलगी लग्न होऊन परदेशी स्थायिक झाली. तिला मूल झाले तेव्हा तिने वडिलांना चार महिन्यांसाठी बोलावून घेतले. निघण्याच्या आदल्या दुपारी डावरे खोलीत आला, मशीनवर आच्छादन घातले, सुया मोजून डबीत ठेवल्या आणि मास्तरांच्या टेबलाशी उभा राहिला.

"तिकडून काय आणू?"

"काही नको. तयार कपड्यांचा देश तो. बटणसुद्धा गोंदानं चिकटवत असतील."

"विकत कोण आणतोय? हातानं करून आणीन. कोट करतो तुझ्यासाठी."

"आणि कापणार कोण?"

"मीच."

मास्तर क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले आणि त्या खोलीत क्वचित घडे ते घडले. ते मोठ्याने हसले. "मग एक कर. शिवायला मला बोलाव."

डावरेही हसला. मावशींनी मात्र नंतर मला सांगितले की जिना उतरताना तो हसत नव्हता. चौतीस वर्षांत त्याने मास्तरांच्या टेबलावरची कातरी एकदाही उचललेली नव्हती. ती मागितलीही नव्हती. परंतु मागितली नाही म्हणून हवी नव्हती असे होत नाही.

चार महिन्यांचे पाच झाले. खालच्या घड्याळजींच्या फोनवर दोनदा निरोप आला, दोन्ही वेळा मुलीचा: बाबा बरे आहेत, मुक्काम थोडा वाढवला आहे. मास्तरांनी दोन्ही वेळा "बरं" म्हणून फोन ठेवला. यंत्रात तोंड घालून बोलणे त्यांना कमीपणाचे वाटे. मग एके दिवशी सकाळी पोस्टमन जिना चढून आला आणि कापडात शिवलेले एक पार्सल टेबलावर ठेवून गेला.

आत कोट होता. राखेच्या रंगाच्या जाड लोकरीचा, काळ्या अस्तराचा. खिशात चिठ्ठी होती. मास्तरांनी ती उभ्यानेच वाचली आणि मग, मावशींनी मान वर केली म्हणून, मोठ्याने वाचून दाखवली.

"मास्तर, कापलाय पण मीच आणि शिवलाय पण मीच. तुझं माप घेतलेलं नाही, आठवलंय. कसा झालाय तेवढं कळव. दुकानात बघतोस तसाच बघ. हात राखून बघशील तर परत बोलणार नाही."

"अक्षर पोरीचं आहे," मावशी म्हणाल्या.

"आळशी आहे तो. सही करायलासुद्धा माणूस ठेवील."

आता जे घडले ते नीट समजून घ्यायला हवे, कारण त्यात कोणाचाही कपटभाव नव्हता. मित्राने सांगितले होते, दुकानात बघतोस तसा बघ. मास्तरांनी तेच केले. त्यांनी कोट पुतळ्यावर चढवला, पुतळा खिडकीकडे वळवला आणि खिशातून खडू काढला.

पहिली रेघ उजव्या खांद्यावर पडली. उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धे बोट खाली बेतलेला होता. पुतळ्याच्या सरळ खांद्यावर कापड ताणले गेले. "कातरी धरली आणि पहिल्याच घासाला खडा," मास्तर म्हणाले. दुसरी रेघ मुंढ्यापाशी, म्हणजे बाही जेथे खांद्याला जोडतात तेथे. तिसरी खिशाच्या तोंडाशी. मग त्यांनी अस्तराची कड उलटली आणि त्यांचा हात थांबला. टाक्यांचा कल उलटा होता. सर्वत्र. कडेला, बाहीच्या तोंडाशी, काजांच्या भोवती. जेथे जेथे हाताची सुई फिरली होती तेथे तेथे डावा हात फिरला होता.

"बघा मावशी, बघा. परदेशी जाऊन पाच महिने झाले नाहीत तर चौतीस वर्षांची शिस्त खुंटीला. मी नाही समोर, म्हणजे मोकळं रान."

"त्यांचं काहीतरी कारण असेल."

"कारण कसलं? चेष्टा केलीय माझी."

आणि मास्तर एकामागून एक रेघा ओढत गेले. रागाने नव्हे. माझा असा समज आहे की त्या सकाळी ते आनंदात होते. पाच महिने त्या खोलीत त्यांच्याशी कोणी भांडले नव्हते.

"अंगात तरी घालून बघा," मावशी म्हणाल्या. "तुमच्यासाठी शिवलाय, पुतळ्यासाठी नाही."

"अंग कापडाला सांभाळून घेतं. पुतळा घेत नाही. म्हणून तर तो ठेवलाय."

एकूण सोळा खुणा झाल्या. मास्तरांनी त्या मोजल्या, एका कागदावर दोन ओळी लिहिल्या, कागद त्याच खिशात घातला आणि कोट घडी घालून घरी नेला. घरी त्यांच्या पत्नीने घडी उलगडून पाहिली. ती शिवणकाम जाणत नव्हती, पण नवऱ्याला जाणत होती.

"अहो, एवढा धुळीत लोळलेल्या पोरासारखा खडूनं माखलाय, पण ही कॉलर कोरी कशी?"

"कॉलरला काय करायचं? अशी कॉलर मला चार जन्मांत बसवता आली नसती. बघ, मानेशी हवेचीसुद्धा फट नाही."

"मग हे लिहिलंत का त्यांना?"

"ते त्याला कळतं. खूण नाही म्हणजे ठीक. बरं झालेलं सांगत बसलो तर चुकलेलं सांगायला दिवस पुरेल का?"

"आणि हे काय? 'सोळा खुणा आहेत. दुरुस्त करून घेऊन ये.' बस्स? पाच महिने झाले त्या माणसाला जाऊन."

"घेऊन ये असंच लिहिलंय ना? पाठव असं नाही लिहिलं."

पत्नीने कागद दिव्याजवळ धरला. तिने मला पुढे सांगितले की "ये" या अक्षराकडे ती बराच वेळ पाहत होती. या मनुष्याच्या शब्दकोशात "मला करमत नाही" यासाठी दुसरा शब्द नाही, हे तिला ठाऊक होते. डावऱ्यालाही ठाऊक असेल असे तिने गृहीत धरले. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कोट परदेशी रवाना केला. प्रेमाने पाठवलेली भेट चुका दाखवून परत धाडणे हे जगाच्या दृष्टीने क्रौर्य आहे. त्या खोलीच्या दृष्टीने तो निव्वळ रोजचा व्यवहार होता; कोट खुणांसकट परत जातो, दुरुस्त होऊन परत येतो. दोघांनी चौतीस वर्षे दुसरे काय केले होते?

दोन महिने गेले. थंडी सरत आली होती. पुन्हा एक पार्सल आले. या वेळी ते शिवलेले नव्हते, चिकटपट्टीने कसेबसे बांधलेले होते. मास्तरांनी कातरीने ती पट्टी कापली. आत तोच कोट. एक बाही वेगळी निघालेली, तिच्या मुंढ्याशी कच्चे टाके लोंबत होते. सोबत चार पानांचे पत्र. अक्षर तेच, मुलीचे; पण या वेळी शब्दही तिचेच होते. ते पत्र मास्तरांच्या पत्नीने मला वाचायला दिले. त्यातला काही भाग असा:

"काका, बाबा गेल्या सोमवारी गेले. तुम्हाला फोन करणार नव्हते आणि केला नाही. आता सगळं लिहून टाकते.

इथे येऊन तीन आठवडे झाले आणि एका सकाळी बाबांची उजवी बाजू गेली. हात पूर्ण गेला, पाय थोडा राहिला. मी तुम्हाला कळवते म्हटलं तर मला शपथ घातली. म्हणाले, मास्तरला कळलं तर तो पाझरेल, आणि पाझरलेला मास्तर माझ्या काय कामाचा? मग एक दिवस म्हणाले, मला कापड आणून दे. इथे डाव्या हाताच्या कातऱ्या मिळतात, मी एक आणून दिली. ती हातात घेऊन ते इतके हसले. म्हणाले, एवढी वर्षं मी दोरे कापतानासुद्धा उलट्या कातरीशी भांडत आलो आणि मला वाटायचं मीच उलटा आहे. उजवा हात उचलून कापडावर वजनासारखा ठेवायचे आणि डाव्या हाताने शिवायचे. तीन महिने लागले. रोज मला विचारायचे, मास्तर काय म्हणेल गं?

मग तुमचं पार्सल आलं. मी ते उघडलं आणि मला वाटलं फेकून द्यावं. काका, तुम्ही माणूस आहात की फूटपट्टी? बाबांनी मात्र माझ्या हातातून ओढून घेतलं. खुणा मोजल्या. म्हणाले, सोळाच! पण पहिल्या खुणेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, खांदा तर मी मुद्दामच... आणि थांबले. मी विचारलं, मुद्दाम काय? म्हणाले, काही नाही, मास्तरनं रेघ ओढलीय म्हणजे असेल काहीतरी. दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी तोच उसवला.

टाक्यांचा कल बदलायला ते कापड उलटं धरून शेवटाकडून सुरुवातीकडे शिवायचे. डोळ्यांतून पाणी यायचं. मी ओरडायचे. ते म्हणायचे, घेऊन ये म्हणालाय, तसा कसा नेऊ? सोळातल्या अकरा झाल्या. बाराव्या खुणेला बाही उसवली आणि त्याच रात्री दुसरा झटका आला.

एकदा मी विचारलं, बाबा, या सोळा सोडल्या तर बाकीचा कोट कसा वाटला त्यांना, ते का नाही लिहिलं? म्हणाले, खूण नाही म्हणजे ठीक असणार. ठीक असणार. चौतीस वर्षांनी माझ्या बाबांना तुमच्याकडून एवढंच मिळालं, तेही त्यांनी अंदाजानं घेतलं. कोट तुमचा आहे म्हणून पाठवते. मला नको."

मास्तरांनी पत्र खिडकीशी उभे राहून वाचले. मावशी सांगतात, त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही. त्यांनी पत्र घडी करून टेबलावर ठेवले, कोट उचलला आणि अंगात घातला. एक बाही नाही, अशा अवस्थेत घातला. मग उजवा हात थोडा पुढे घेतला. खांद्यावर कापड ढिले पडले आणि गळ्यापाशी आडवी घडी पडली. डावीकडे मात्र कोट असा बसला होता जसे काही तेथे कोट नाहीच.

"मावशी, टेप घ्या."

"कोणाचं माप?"

"माझं. जमिनीपासून दोन्ही खांदे."

मावशींनी स्टूल ओढले, माप घेतले, पुन्हा घेतले.

"उजवा खाली आहे."

"किती?"

"अर्धं बोट."

"नीट बघा."

"तीनदा बघितलं, मास्तर."

मास्तरांनी कोट काढला आणि खांद्याची शिवण आतून उलटी केली. तेथे जुन्या शिवणीची घडी आणि सुईची बारीक छिद्रे अजून दिसत होती. आताच्या शिवणीपासून बरोबर अर्धे बोट खाली.

जड कातरी उजव्या हातात धरून जो मनुष्य पस्तीस वर्षे टेबलावर वाकतो त्याचा उजवा खांदा उतरणारच. यात नवल नाही. नवल हे, की गावातल्या प्रत्येक पुरुषाचा उतरता खांदा, पुढे आलेले पोट, आखूड मान ज्यांना एका नजरेत दिसे, त्या मास्तरांना स्वतःचा खांदा कधी दिसला नव्हता. स्वतःचे कोट ते तारुण्यात काढलेल्या नमुन्यावरूनच बेतीत.

"पण मग माझे आधीचे कोट?" त्यांनी विचारले. "ते तर नीट बसतात."

मावशींनी टेप गुंडाळून ठेवली. मग म्हणाल्या, "डावरे तुमच्या प्रत्येक कोटाला उजव्या खांद्यात आतून एक पट्टी जास्त घालायचे. दहा-बारा वर्षं तरी झाली. सगळ्यांना ठाऊक होतं."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्हाला तुमची चूक कोण सांगणार, मास्तर? आणि ते म्हणायचे, सांगायचं कशाला, कोट बसतोय ना."

या वेळी पट्टीची गरज नव्हती. या वेळी कापणारा तोच होता. ज्या अंगाला तो वर्षानुवर्षे गुपचूप सांभाळून घेत आला होता, ते अंग त्याने एकदाच, उघडपणे, जसे आहे तसे बेतले. आणि मास्तरांनी त्यावर पहिली रेघ ओढली. मग त्याने जाणूनबुजून, बरोबर असलेला खांदा चुकीचा करून दिला, कारण मास्तरांनी तसे सांगितले होते. मित्राच्या शब्दावरचा असा विश्वास मी अन्यत्र पाहिलेला नाही, आणि त्या विश्वासाला इतका अपात्र ठरलेला शब्दही.

"आत माया भरपूर ठेवलीय," मावशी म्हणाल्या. शिवणीच्या आत जे जादा कापड राखतात त्याला शिंपी माया म्हणतात. "उसवून पुन्हा खाली घेता येईल. तासाभराचं काम. मी देते करून."

"नको."

"मग तुम्ही करा."

"कापणाऱ्यानं शिवायचं नसतं."

"आता कोण बघायला आलंय?"

मास्तरांनी कोटाची घडी घातली. त्या संध्याकाळी घरी त्यांनी मुलीला पत्र लिहायला घेतले. पत्नीच्या म्हणण्याप्रमाणे आठवडाभर रोज घेतले. पहिल्या दिवशी दोन पाने झाली, ती फाडली. शेवटी जे टपालात पडले त्यात तीन वाक्ये होती. कॉलर उत्तम होती. खांदा बरोबर होता. चूक माझी. पत्राला उत्तर आले नाही. येण्याचे कारणही नव्हते; ती वाक्ये ज्याला हवी होती त्याच्या पत्त्यावर टपाल जात नाही.

त्यानंतर मास्तर सहा वर्षे जगले. धंदा दोनच वर्षे चालला. नवा शिवणारा ठेवला होता, बरा होता. कोट पूर्वीप्रमाणे पुतळ्यावर चढत. मास्तर खडू घेऊन भोवती फिरत, एखाद्या जागी थांबत, हात उचलत आणि खाली घेत. "लाव," म्हणत. मुंढा सुरकुतलेला असला तरी लाव. खिसा तिरका असला तरी लाव. मावशी एकदा न राहवून म्हणाल्या, "अहो, ही बाही वळतेय, दिसत नाही का?" ते म्हणाले, "दिसतंय." आणि खुर्चीवर बसले. त्यांची नजर गेली नव्हती. त्या नजरेवरचा त्यांचा विश्वास गेला होता, आणि विश्वासाविना नजर ही केवळ यातना असते. गिऱ्हाइके मात्र कोणाच्या यातनेचे कोट अंगात घालीत नाहीत. ती हळूहळू गेली.

मी स्वतः त्यांच्याकडून शेवटचा कोट शिवून घेतला तो याच काळात. तो पाठीत फुगतो. मी तक्रार केली नाही, आणि केली असती तर बरे झाले असते असे आता वाटते. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायला कोणीतरी हवे होते. मी सभ्यपणा केला. सगळ्यांनीच केला. ज्याने जन्मभर कोणाला सवलत दिली नाही त्याला अखेरीस गावाने सवलतीवर ठेवले, आणि ते त्याला कळत होते.

शेवटच्या आजारात पत्नीने विचारले, "कोणाला बोलावू का भेटायला?" ते थोडा वेळ आठवत राहिले, मग नकारार्थी मान हलवली. त्यांच्या मृत्यूनंतर तिने डावऱ्याच्या मुलीला कोटाबद्दल विचारले. मुलीने लिहिले, तुम्हाला हवं ते करा. तो जसा आला होता तसाच, सुट्या बाहीसकट, एका चादरीत गुंडाळून मास्तरांच्या पत्नीने कपाटाच्या तळाशी ठेवला आहे. पाच खुणांचा खडू बहुतेक उडून गेला आहे.

जिन्यावरच्या त्या खोलीत आता औषधांचे खोके साठवतात. मावशी मुलाकडे राहायला गेल्या. गावात मास्तरांनी कापलेले आणि डावऱ्याने शिवलेले पंचवीस-तीस कोट अजून वापरात असतील. ते चांगले बसतात. कॉलरच्या आत दुकानाचे नाव आहे, त्या दोघांचे नाही.